उजवीकडचा एक दाणा

उजवीकडे पुन्हा एक हायड्रोजन जास्त निघाला.

"मोजा," मी म्हटलं.

गिरजाबाईंनी खाली मान घालून मोजलं. डावीकडे चार. उजवीकडे पाच.

"हा पाचवा आला कुठून? आभाळातून पडला?"

त्यांनी पाचवा दाणा उचलून बाजूला ठेवला. दाराच्या चौकटीला टेकून त्यांचे सासरे संपतराव बसले होते. ते छताकडे बघत होते. आमच्या लॅबच्या छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

हायड्रोजन म्हणजे ज्वारीचा दाणा, हे आधी सांगायला हवं होतं. शाळेच्या लॅबमध्ये, दारालगत जमिनीवर, माझ्या घरून आणलेल्या सुपात हे सगळं चाललं होतं. ज्वारी म्हणजे हायड्रोजन, तूर म्हणजे ऑक्सिजन, उडीद म्हणजे कार्बन. सुपाच्या मधोमध खडूची रेघ. जे पदार्थ एकत्र आले ते रेघेच्या डावीकडे, त्यांच्यातून जे नवीन झालं ते उजवीकडे. दोन्हीकडचे दाणे जातवार मोजायचे. सारखे भरले तर इक्वेशन बॅलन्स, म्हणजे समतोल. नाही भरले तर कुठंतरी चुकलं. एवढंच असतं ते. पण माझ्या उभ्या नोकरीत पोरांना याच्याइतकं रडवणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

मी तेव्हा वाशीमच्या हायस्कूलमध्ये सायन्स मास्तर होतो. वाशीम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आपलं राज्य आता नागपूर सोडून मुंबईकडे जाणार, अशा गप्पा स्टाफरूममध्ये रोज रंगत. मला त्यात रस नव्हता. मला लॅबसाठी टेस्ट ट्यूब हव्या होत्या, आणि त्या कोणतंच राज्य देत नव्हतं.

संपतराव किन्हीराजा गावचे शेतकरी. त्यांचा एकुलता मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होता. लग्न झाल्यावर त्यानं बायकोला घरीच शिकवायला घेतलं. बाहेरून मॅट्रिकला बसवायचं, असं दोघांचं ठरलेलं. एकेक करून सगळे विषय त्यानं करून घेतले. सायन्स तेवढं राहिलं, कारण ते त्याला स्वतःलाच शिकायला मिळालं नव्हतं. मग एका पावसाळ्यात त्याला ताप आला. गावात डॉक्टर नाही, नर्स नाही. बैलगाडी चिखलातून ओढत जऊळक्याच्या स्टेशनपर्यंत आणली, आणि आगगाडीची वाट पाहता पाहता तो तिथंच गेला.

गिरजाबाईंनी ठरवलं, नर्स व्हायचं. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. संपतरावांनी कोणाचं ऐकलं नाही. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले होते, "मास्तर, मी हाव तवरच हे व्हनार हाय. माह्यामांगं हिले कोनी पुस्तक हाती धरू देनार नाई. मले आता धाप लागते. तुमी लवकर काय थे करा."

नर्सिंगच्या ट्रेनिंगला मॅट्रिक हवं, आणि तेही सायन्स घेऊन. बाहेरून बसणाऱ्याला आधी आमच्या शाळेची टेस्ट पास व्हावी लागे. मगच हेडमास्तर अर्जावर सही करीत. आमचे हेडमास्तर सज्जन, पण शाळेच्या रिझल्टपुढे त्यांना देवही दिसत नसे.

"सायन्समध्ये पास झाली तर सही," ते म्हणाले. "नाही तर पुढच्या वर्षी बघू."

"सर, पुढचं वर्ष त्या म्हाताऱ्याजवळ आहे की नाही, कोणास ठाऊक."

"म्हणून मी नापास उमेदवार पाठवू? आणि हे बघा, तुमचा जीव त्यांच्यात गुंतलाय. केमिस्ट्रीचे प्रश्न या वेळी मी स्वतः काढणार."

"खुशाल काढा," मी म्हटलं, आणि दार जरा जोरातच लावून बाहेर पडलो. माझं डोकं म्हणजे स्पिरिटचा दिवा. काडी दाखवायचा अवकाश.

तर दर रविवारी हे सासरा-सून किन्हीराजाहून पहाटे बैलगाडीनं जऊळक्याला यायचे, तिथून आगगाडीनं वाशीमला. एकट्या तरण्या विधवेनं परक्या माणसापाशी शिकायला बसायचं म्हणजे त्या दिवसांत केवढा गहजब! म्हणून संपतराव दारात बसायचे. दार सताड उघडं. बंडीच्या खिशात मूठभर ज्वारी असायची. येता जाता एखादा दाणा दाताखाली फोडायचा, ही त्यांची खोड.

गिरजाबाई हुशार होत्या. फिजिक्स त्यांनी भराभर घेतलं. अडलं ते इक्वेशनला.

पहिली चूक सगळे करतात तीच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. लिहिताना डावीकडे ऑक्सिजन दोन येतात, उजवीकडे पाण्यात एकच. मग पोरं काय करतात? पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी दोनचा आकडा घालून मोकळी होतात. झालं बॅलन्स! गिरजाबाईंनीही तेच केलं.

"हे पाणी नाही राहिलं," मी म्हटलं. "हे जखमेवर ओततात ना, फेस येतो, ते औषध झालं. नर्स झाल्यावर पेशंटला पाणी म्हणून हे पाजाल काय?"

त्या दचकल्या. मग हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पायाशी असलेला आकडा देवानं दिलेला. त्याला हात लावायचा नाही," मी सांगितलं. "आपल्याला फक्त पुढे आकडा लिहायची मुभा. एक पाणी पुरत नसेल तर दोन पाणी घ्या. पण पाणी पाणीच ठेवा."

ते त्यांना पटलं. ती चूक पुन्हा झाली नाही. पण मोजणीत गोंधळ व्हायचा, म्हणून मी घरून सूप आणि दाणे आणले. घरून म्हणजे बायकोला न विचारता. संध्याकाळी त्याचंही ऐकून घेतलं.

दाण्यांनी काम फत्ते झालं. दोन रविवार सगळं सुरळीत. आणि मग हा जास्तीचा दाणा सुरू झाला. दलदलीतून एक वायू निघतो, त्यात एका कार्बनला चार हायड्रोजन. तो जाळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. गिरजाबाई माझ्यादेखत बरोबर मांडायच्या. मी फळ्यावर लिहायला वळायचो. परत बघतो तर उजवीकडे ज्वारीचा एक दाणा जास्त. कधी या उदाहरणात, कधी त्या. नेहमी उजवीकडेच. आणि नेहमी ज्वारीच.

टेस्ट तोंडावर आलेली. मी चिडचिड करायचो. त्या गुपचूप दाणा काढून ठेवायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की, मास्तर, मी बरोबर मांडलं होतं.

त्या दिवशी, पाचवा हायड्रोजन निघाल्यावर, मी पुन्हा सगळं मांडायला लावलं. फळ्याकडे वळलो. खडू टेकवला आणि गर्रकन मागे फिरलो.

संपतरावांचा हात सुपावर होता. दोन बोटांच्या चिमटीत ज्वारीचा दाणा.

"संपतराव!"

"काय नाई मास्तर, काय नाई," ते म्हणाले. हात मात्र मागे घेतला नाही. दाणा शांतपणे उजवीकडे ठेवला आणि मगच बसले.

"अहो, काय करून राह्यले तुमी? हिची टेस्ट आहे! काहून टाकता दाणा?"

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच अडाणी आहे.

"आता घ्या! हे इकडचं तिकडं माप घालून राह्यली ना थे? मंग वर नाई टाकाव लागत? बिनमुठीचं माप देतेत का कोनी?"

जे वाचणारे शहरातले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे खळ्यावर ज्वारी मोजून देतात तेव्हा पहिल्या पायलीला, म्हणजे पहिल्या मापाला, 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. आणि सगळं माप पुरं झालं की देणारा आपल्या हातानं एक मूठ वर टाकतो. ती मापात धरत नाहीत. ती नाही टाकली तर देणाऱ्याचं मन कोतं ठरतं आणि घेणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही. संपतरावांनी जन्मभर हेच केलं होतं. सुपात रेघ, एकीकडचे दाणे दुसरीकडे, वर मोजणं चाललेलं. त्यांना ते खळंच दिसलं.

"येवढं पोरीचं शिकन्याचं काम," ते म्हणाले, "आन् माप कोरडं ठेवू? अपशकुन नाई का थो?"

मी गिरजाबाईंकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पदर सारखा केला. "हो."

"मग मला सांगितलं काहून नाही? मी तुमच्यावर ओरडत होतो ना!"

"मामाजी टाकतेत थे मले दिसे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पेपरात मी नाही टाकनार, मास्तर. मले समजते. पन त्यायले बरं वाटते. माह्यासाठी करतेत थे. तुमी ओरडले तर ओरडले, त्याचं काय."

माझा राग तिथल्या तिथं विझला. नवरा गेलेली पोर आणि मुलगा गेलेला बाप. तो हिच्यासाठी दाणा टाकतो, ही त्याच्यासाठी बोलणी खाते. आणि मी आपला मधे हायड्रोजन मोजतोय!

पण मास्तर म्हणून माझं मन मानेना. म्हातारा मनात म्हणत राहणार, हिचं माप कोरडं गेलं. आणि ती परीक्षेला बसली की त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे येणार. त्याला समजावल्याशिवाय हे सुटणार नव्हतं.

"संपतराव, चकमक आहे ना जवळ?"

"हाय ना. चिलीम पेटवाची काय?"

"नाही. त्यातला जळका कापूस द्या थोडा."

चकमकीबरोबर असा आधीच काळा करून ठेवलेला कापूस असतो. ठिणगी पडली की धुमसतो. तो मी काचेच्या फ्लास्कमध्ये टाकला. तोंडाला बूच घट्ट बसवलं, वरून मेण लावलं. आमच्या लॅबमध्ये एकच चांगली वस्तू होती, काचेच्या पेटीतला तराजू. त्यात फ्लास्क ठेवून वजन बरोबर केलं. काटा मधोमध उभा. संपतरावांना दाखवलं.

"पाहिलं?"

"पाह्यलं."

मग आम्ही तिघं व्हरांड्यातल्या उन्हात गेलो. भिंगानं ऊन कापसावर धरलं. काचेच्या आत लाल ठिपका उमटला, धूर झाला, कापूस आक्रसत गेला. थोड्या वेळानं जे उरलं ते चिमटीतही आलं नसतं. फ्लास्क गार होऊ दिला. गरम काच तराजूत ठेवली तर ती हलकी असल्याचं दाखवते आणि तराजू खोटा पाडते, म्हणून थांबावं लागतं. तेवढ्यात संपतरावांनी चिलीम ओढून घेतली.

मी फ्लास्क पुन्हा तराजूत ठेवला. काटा डुलला, डुलला, आणि मधोमध उभा राहिला.

संपतराव वाकून बघत राहिले. "कापूस तं जळला."

"जळला."

"मंग वजन?"

"तेवढंच. कापसात कार्बन होता. सुपातला उडीद. तो हवेतल्या ऑक्सिजनसंगं गेला आणि हवेसारखा झाला. दिसत नाही. पण गेला कुठंच नाही, याच बाटलीत आहे. या मापात वरून मूठ टाकता येत नाही, संपतराव. आणि यातून चिमूटभर कमीही होत नाही. म्हणून दोन्हीकडे सारखं."

त्यांनी बुचाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आन् बूच काढलं तं?"

"हवेत जाईल."

"मंग?"

"मग झाडं घेतात त्याला. पानांतून आत जातो, त्याचंच खोड होतं, फांदी होते."

"कोनती झाडं?"

"वारा नेईल तिथली. जवळची, लांबची."

"आमच्या वावरातली बी?"

"तिथली पण."

त्यांनी चिलीम खाली ठेवली. "माह्या पोराले आमी वावराच्या धुऱ्याशीच, बांधाजवळ जाळलं, मास्तर. तिथं निंब हाय मोठा."

गिरजाबाईंनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "संपतराव, मी सायन्स मास्तर. आत्म्याबित्म्याचं मला समजत नाही. मला फक्त कार्बनचं सांगता येतं."

"तेवढं लय झालं, बाप्पा," ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. लपवून नाही, उघड, बंडीच्या बाहीनं. मग आत येऊन सुपाजवळ बसले, उजवीकडचा जास्तीचा दाणा स्वतःच्या हातानं उचलला आणि तोंडात टाकला.

त्या दिवसानंतर हायड्रोजन कधी वाढला नाही.

टेस्टच्या दिवशी मला सुपरव्हिजनसुद्धा दिली नव्हती. पेपर हातात आला तेव्हा हेडमास्तरांची कावेबाजी कळली. प्रश्न असा होता: 'कार्बन आणि ऑक्सिजन यांपासून कार्बन डायऑक्साइड होतो. दिलेले समीकरण समतोल आहे का ते तपासा. नसल्यास समतोल करा.' खाली समीकरण छापलेलं. आणि ते मुळातच समतोल होतं! एक कार्बन, दोन ऑक्सिजन, पलीकडेही तेवढेच. पोरांना वाटतं, मास्तरांनी विचारलंय म्हणजे काहीतरी चूक असणारच. मग जे बरोबर आहे ते बिघडवून ठेवतात. आणि जिच्या घरी माप कोरडं ठेवणं अपशकुन, तिला हा प्रश्न!

पेपर तपासून झाल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"तुमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरानंसुद्धा इथं दोनचा आकडा घुसडलाय," ते म्हणाले. "आणि हे बघा, तुमच्या गिरजाबाई."

सुंदर बारीक अक्षर. 'डावीकडे कार्बन एक, ऑक्सिजन दोन. उजवीकडे कार्बन एक, ऑक्सिजन दोन. समीकरण समतोल आहे. यात काही घालू नये, काही काढू नये.'

"बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. "बाकीचाही पेपर चांगला आहे. पण हे 'काही घालू नये' कशाला लिहिलं? तेवढं कोणी विचारलं होतं?"

"ते घरचं आहे, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अर्ज पुढं ओढून सही केली. मी त्या दिवशी दार हळू लावलं.

गिरजाबाई मॅट्रिक झाल्या. ट्रेनिंगला नागपूरला जागा मिळाली. संपतराव त्यांना हॉस्टेलवर पोचवून आले, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या दारात उभे. एकटे. पाठीमागे हमालाच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं, आणि हातात घरून आणलेली पायली.

"हे कायले, संपतराव?"

"तुमच्या घरचे दाने वापरले ना आमी? वैनी रागवल्या व्हत्या म्हने." माझ्या घरची बातमी किन्हीराजापर्यंत गेली होती, बघा!

ते ओसरीवर फतकल मारून बसले आणि मोजायला लागले. "लाभ... दोन... तीन..." मधेच धाप लागली म्हणून थांबले. म्हातारा एकदम थकलेला दिसला. घरात आता दुसरं माणूस नव्हतं.

मला राहवलं नाही. "घर रिकामं झालं असेल नाही तुमचं, गिरजाबाईंबिगर."

"रिकामं काहून?" त्यांनी पायली भरता भरता वर पाहिलं. "तुमीच त सांगतलं मास्तर. दिसत नाई म्हून कमी झालं, असं नस्ते. इथची तिथं गेली. बिमार मानसाच्या उशाशी उभी हाय कुठं तरी. माह्या पोराच्या उशाशी कोनी नोतं."

आणि पुन्हा मोजायला लागले.

माप पुरं झालं. पायली उपडी झाली. संपतरावांनी पोत्यात हात घातला आणि एक मूठ भरून वर टाकली. मग माझ्याकडे बघून मिस्कील हसले.

"ओरडू नोका, मास्तर. हे सायन्स नोय. हे देनं हाय."

पुढे कितीतरी वर्षं मी वर्गात इक्वेशन शिकवलं. पोरांना सांगत आलो, उत्तर लिहायच्या आधी दोन्हीकडचं मोजा, आणि जे आधीच बरोबर आहे त्याला उगाच हात लावू नका. शिकवण्यासारखं तेवढंच होतं.

ती वरची मूठ मात्र बायकोनं मोजल्या ज्वारीत मिसळू दिली नाही. गाडग्यात वेगळी ठेवली आणि पेरणीच्या दिवसांत किन्हीराजाला धाडली. संपतरावांनी ती धुऱ्यावरच्या निंबाजवळ, नांगराच्या तासात पेरली.